शेवटची सुलोचना

लोणझरी ग्रामपंचायतीत माणूस मंगळवारी जन्माला येतो. पोरं तशी सातही वार होतात. पण उपकेंद्राची नर्स जन्माचे फॉर्म घेऊन मंगळवारी येते, संगणक परिचालक ते मंगळवारीच चढवतो, आणि संगणकात चढेपर्यंत सरकारच्या लेखी कोणीच जन्मलेलं नसतं. महामार्गावरच्या जाम गावाच्या चौकातून आत सात किलोमीटरवर असलेल्या या गावात, ऑक्टोबरातल्या अशाच एका मंगळवारी, नवी नर्स पहिल्यांदा ग्रामपंचायतीची पायरी चढली. आत एक माणूस खुर्चीवर उभा राहून भिंतीला भलामोठा कागद लावत होता.

"सरळ हाये का पाहा बरं," तो मागे न वळता म्हणाला.

"डावीकडून थोडं वर घ्या."

"आता?"

"आता जास्त झालं."

"आता?"

"आता उजवीकडून खाली आलं."

असं पाच मिनिटं चाललं. मग आपण एका अनोळखी माणसाला हुकूम सोडतो आहोत हे तिच्या लक्षात आलं, आणि आपण एका अनोळखी बाईचे हुकूम मुकाट ऐकतो आहोत हे त्याच्या. तो वळला. कानावर पेन, केसांत भिंतीचा चुना... आणि डोळ्यांत असं कुतूहल, की जणू नर्स ही वस्तू गावात प्रथमच आली आहे.

"तुमी मास्तरीण का जी?"

"नर्स. उपकेंद्रात नवी आली."

"तरीच. मास्तर लोक इतकं बारीक पाहत नाईत." तो उतरला, खुर्ची त्याच ढांगेत संगणकासमोर ओढून बसला. "मी रुपेश. नवीन नोंद देणाऱ्याचं नाव चढवा लागते. पूर्ण नाव सांगा."

"एस. आर. थूल."

"एस म्हंजे?"

"सिस्टर."

"आन् आर?"

"रामाजी. वडलांचं नाव."

"सिस्टर रामाजी थूल," रुपेशने गंभीरपणे म्हटलं आणि कळा बडवल्या. "चांगलं नाव हाये. पहिल्यांदाच ऐकलं." मग तो स्क्रीनकडे पाहत राहिला, जरा जास्तच वेळ, आणि स्वतःशीच हसला. स्क्रीनची पाठ तिच्याकडे होती, त्यामुळे तिला फक्त हसू दिसलं. हसू वाईट नव्हतं, हे तिने नाइलाजाने नोंदवून ठेवलं.

एस म्हणजे सुलोचना. ही गोष्ट तिने आर्वी सोडल्यापासून आपणहून कोणाला सांगितली नव्हती.

ज्या वर्षी घराघरात पूजा, स्नेहा आणि प्रियंका जन्मत होत्या, त्या वर्षी रामाजी थुलांनी आपल्या एकुलत्या एका मुलीचं नाव सुलोचना ठेवलं. पहिलीत चालून गेलं. पाचवीत तिला चष्मा लागला, आणि सुंदर डोळ्यांच्या बाईला चष्मा, हा विनोद वर्गातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे सुचला. नर्सिंगच्या कॉलेजात हजेरीला नाव आलं की मागच्या बाकावरून कोणीतरी थरथरत्या आवाजात म्हणायचं, "आजी हजर!" मग ती एस. आर. झाली. पुढे तर सोपंच झालं. नर्सला नाव लागत नाही; अख्खं गाव 'सिस्टर' म्हणतं. ती नर्स झाली त्यामागचं हे एकमेव कारण नव्हतं, पण यादीत वर होतं.

"हे काय लावलं भिंतीले?" तिने विषय बदलायला विचारलं.

चुकीच्या माणसाला विचारलं. रुपेश खुर्चीसकट वळला.

तो ग्रामपंचायतीची जुनी जन्म-रजिस्टरं संगणकात चढवत होता, १९५० पासूनची. चढवता चढवता त्याला नाद लागला. सरकारी कॅलेंडरांच्या पाठी जोडून त्याने एक तक्ता केला होता: मुलींची नावं, आणि प्रत्येकीपुढे दोन वर्षं. हे नाव गावात पहिल्यांदा कधी आलं, आणि शेवटचं कधी.

"पेरणीसारखं हाये पाहा," तो म्हणाला. "एकानं सोयाबीन पेरलं का अख्ख्या शिवारात सोयाबीन. तसंच इथी. हे पाहा, सखू, ठमा, गया. मंग कुसुम, विमल, प्रमिला. मंग आल्या अंजू-मंजू. मंग पिंकी, स्वीटी. आता अंगणवाडीत हाक मारा, कियारा म्हनलं तं सहा पोरी वळून पाहतात."

"गेलेलं परत येत नाही म्हणा."

"काऊन नाई? ज्वारी गेलती ना? आता शहरातले लोक हॉटेलात जाऊन ज्वारीची भाकर खाऊन राह्यले, फोटो काढून. नावंबी येतीन. जिजा, रमा, इरावती, पुण्याकडं तं आल्याबी म्हनतात. सगळी येतीन का काहीच येतीन, मले तेच पाह्यचं हाये."

चहा आला. तो आणणारे गुलाबराव ग्रामपंचायतीचे शिपाई. पंचावन्न वर्षं गुलाब हे नाव वागवूनही स्वभावात फक्त काटे उरलेले. त्यांनी कप ठेवला आणि तक्त्याकडे पाहून मान हलवली. "सरकारनं कागद कायले देला, आन् यानं काय केलं त्याचं!"

रुपेशचं बोट तक्त्यावर एका ओळीवर थांबलं होतं. "हे मात्र कोडं हाये. सुलोचना. पासष्टपासून पंचाऐंशीपर्यंत ढीगभर. मंग बंद. आन् मंग मधातच एक. एकटीच. चौदा जानेवारी अठ्ठ्याण्णव. त्याच्यानंतर आजपर्यंत नाई. शेवटची सुलोचना."

सिस्टरच्या हातातला चहा बशीत आला.

चौदा जानेवारी अठ्ठ्याण्णव हा तिचाच वाढदिवस. आणि हे गाव तिच्या आईचं माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती जन्मली लोणझरीत आणि वाढली आर्वीत. मामालोक कधीच पुण्याला कंपनीत निघून गेले, गावात ओळखणारं कोणी राहिलं नाही. बदलीच्या यादीत लोणझरी वाचून तिला गंमत वाटली होती. आता गंमत बशीतून साडीवर सांडत होती.

"कोण असन जी ती?" रुपेश विचारत होता, तक्त्यालाच. "कुठी असन? कशी असन?"

"असेल कुठेतरी," सिस्टर म्हणाली. "नाव बदललं असेल तिनं. कोण ठेवतं असलं नाव!"

* * *

नाव बदलणं हे हवेत बोललेलं नव्हतं. नागपूरचं एक स्थळ चालू होतं. मुलगा रजत, इंजिनीअर, बोलायला बरा, दिसायला फोटोसारखा. सगळं जमलं होतं. फक्त रजतच्या आईने फोनवर सांगितलं, "बाकी काही म्हणणं नाही आमचं. नाव तेवढं... जरा जुनं वाटतं. आम्ही घरच्या ग्रुपवर मतदान घेतलं. 'सान्वी'ला अकरा मतं पडली."

रजत म्हणाला, "कागदावरच तर बदलायचं आहे."

तिलाही वाटलं, खरंच की. इतकी वर्षं जे नाव लपवलं, ते बदलायला हरकत काय? साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, फेब्रुवारीत. त्याआधी राजपत्रात नाव छापून यायला हवं. त्यासाठी जन्माचा दाखला. आणि दाखला लोणझरी ग्रामपंचायतीत, संगणक परिचालक रुपेश यांच्याकडे, मंगळवारी.

म्हणजे दर मंगळवारी तिला एवढंच करायचं होतं: टेबलासमोर उभं राहून म्हणायचं, माझा दाखला द्या, माझं नाव सुलोचना.

दुसऱ्या मंगळवारी ती ठरवून आली. रुपेशने विचारलं, "तुमाले काय वाटते? शेवटच्या सुलोचनाले चष्मा असन का?" आणि ती दाखल्याचं विसरून गेली.

तिसऱ्या मंगळवारी ती म्हणाली, "एका मैत्रिणीला नाव बदलायचं आहे. काय काय कागद लागतात?" त्याने सगळे कागद सांगितले, एकेक करून, या वेळी न हसता. शेवटी म्हणाला, "मैत्रिणीले सांगजा, घाई करू नोको. एकदा राजपत्रात छापलं का जुनं नाव आईच्या हाकेपुरतं बी उरत नाई."

चौथ्या मंगळवारी त्यांची पैज लागली.

"सुलोचना परत येणार नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात, तिलाच कळलं नाही का, पण राग होता. "जिजा येईल, रमा येईल. दोन अक्षरी नावं शहाण्यांना आवडतात. सुलोचना कोणी ठेवणार नाही. लिहून घ्या, रुपेशभाऊ."

"होळीच्या आत या रजिस्टरात एक तरी सुलोचना येते," तो म्हणाला. "लावता?"

"लावली. मी जिंकले तर हा तक्ता उतरवायचा."

"आन् मी जिंकलो तं?"

"तर काय पाहिजे?"

त्याने कानावरचं पेन काढलं. "एस म्हंजे काय, थे सांगाचं. खरं."

"एवढंच?"

"एवढंच कसं? माणूस चार-चार महिने एका अक्षरावर काढते काय?"

"चार महिने झाले नाहीत अजून."

"होतीन ना," रुपेश म्हणाला.

या संभाषणानंतर एक बारीक फरक पडला. वर्धा जिल्ह्यात कोणत्याही पुरुषाला भाऊ म्हटल्याशिवाय बाईचं वाक्य पुरं होत नाही. ड्रायव्हरभाऊ, डॉक्टरभाऊ, चोरालाही चोरभाऊ म्हणतील. सिस्टरही पहिल्या दिवसापासून रुपेशभाऊ म्हणत होती. पाचव्या मंगळवारी ती म्हणाली, "रुपेश..." आणि पुढचा भाऊ आलाच नाही. वाट पाहिली, पण आला नाही. खोलीत तिघं होते. रुपेशने मान खाली घालून कीबोर्डातला कचरा काढायला घेतला. तिने चष्मा पुसला. गुलाबराव चहाचे कप घेऊन दाराबाहेर गेले आणि पहिल्यांदाच ते दार ओढून घेतलं.

डिसेंबरात ढग आले. वेचणीला आलेल्या कापसावर दोन दिवस पावसाची भुरभुर चालली आणि सगळं शिवार ओल्या मांजरीसारखं उदास बसलं. वीज गेली की संगणक बंद, आणि संगणक बंद की मंगळवार लांबत असे. अशा एका लांबलेल्या मंगळवारी रुपेश म्हणाला, "मी तिले शोधलं. शेवटच्या सुलोचनाले."

तिने हातातले फॉर्म पुन्हा मोजायला घेतले. "मग?"

"गावात सगळ्या म्हाताऱ्यांले इचारत गेलतो. इथी नाई. मंग ध्यानात आलं, मी येडाच हाव. पोरगी जन्मली त्या गावची असते कुठी? पहिलं बाळंतपण मायच्या माहेरी. ती कुठचीबी असू शकते. हिंगणघाटची, पुलगावची..." तो खिडकीबाहेर पाहत होता. "आर्वीची."

"सापडली तर काय विचाराल तिला?"

"जास्त नाई. इचारीन, तू हे नाव एवढे वर्षं एकटीनं कसं काय उचललं? हजेरीत हसले असतीन तुले. चिडवलं असन. काऊन ठेवलं थे माहीत हाये का तुले?" मग जरा हळू, "आन् चहात साखर कमी लागते का."

ती हसली. हसता हसता तिला राग आला. "न पाहिलेल्या बाईचं एवढं काय? समोर बसलेल्या माणसाशी तर इतकं बोलत नाही तुम्ही."

"न पाह्यलेली कशी म्हनता?" तो म्हणाला.

ती घरी गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला हेवा वाटतो आहे. स्वतःचा. असा आजार नर्सिंगच्या अभ्यासक्रमात नव्हता.

* * *

जानेवारीच्या शेवटी रजतच्या आईचा फोन आला. साक्षगंधाची तारीख ठरली, हॉल ठरला, पत्रिकेत सान्वी छापायला दिलं. "दाखल्याचं काय झालं गं?" सिस्टरने वडलांना फोन लावला, प्रतिज्ञापत्रावर त्यांची सही लागणार होती.

रामाजी आर्वीच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. फोनवर ते नेहमी इंजिनाच्या आवाजावरून बोलल्यासारखे मोठ्याने बोलत. त्या दिवशी ते हळू बोलले.

"सही करतो ना. कुठी करू, सांगजो. जड झालं असन तुले, तं ठेवून दे खाली."

"बाबा, जुनं वाटते लोकांले. बस."

"जुनं?" रामाजींनी विचारलं. "माह्या आजीचं नाव माहीत हाये तुले? कचरी. तिच्या बहिणीचं दगडी. घरच्यांनी नाई ठेवली थे. गावानं ठेवली. आमच्या लोकांच्या पोरीले दुसरं नाव ठेवलं तं गावाले आवडत नोतं. मी दुसरीत होतो तवा शाळेत नव्या बाई आल्या, आपल्या वस्तीतल्या पहिल्या मॅट्रिक पास. सुलोचनाबाई. त्यांनी हजेरी घेतली. तोवर मास्तर मले 'ए राम्या' म्हनत. बाई म्हनल्या, 'रामाजी.' जी लावून. दुसरीतल्या पोराले." फोनमध्ये मागे कुठेतरी एसटीचा हॉर्न वाजला. "घरी येऊन मी मायले सांगतलं का आज मले बाईनं जी म्हनलं. तवाच ठरवलं. मले पोरगी झाली तं... जुनं नाई ते नाव, पोरी. आपल्यात तं ते पहिल्यांदाच आलं होतं."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं, जेवून घेजो," रामाजी पुन्हा मोठ्याने म्हणाले. "जयभीम."

पुढच्या मंगळवारी तिने तो तक्ता पहिल्यांदा नीट, अगदी वरच्या ओळीपासून वाचला. कचरी. दगडी. नकोशी. या तिघींपुढे रुपेशने लाल रेघ ओढली होती. कचरीपुढे शेवटचं वर्ष होतं १९५७.

"लाल कशाला?" तिने विचारलं.

"माह्या पणजीचंबी नाव तेच होतं," रुपेश म्हणाला. "हे पीक पुन्हा पेराचं नाई. गेलेलं सगळंच परत काऊन यावं?"

त्या दिवशीही तिने दाखला मागितला नाही. पण आता विसरली म्हणून नाही.

* * *

त्याच गुरुवारी दुपारी, वेचणी चालू असताना, टोलीवरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या आदिवासी वस्तीतल्या, सूरजची बायको स्वीटी हिला वावरातच कळा सुरू झाल्या. ऑटोतून तिला उपकेंद्रात आणलं तेव्हा तिच्या ओटीला वेचलेला कापूस तसाच बांधलेला होता. पुढे न्यायला वेळ नव्हता. बाळ खांद्याशी अडकलं. त्या दीड मिनिटात सिस्टरने जे जे शिकलं होतं ते सगळं केलं, आणि बाहेर सूरजने जे जे देव माहीत होते ते सगळे बोलावले. मग एक बारीक, चिडकी आरोळी ऐकू आली. मुलगी.

बाळ पुसून, वजन करून, स्वीटीच्या कुशीत दिल्यावर सिस्टर पहिल्यांदा खाली बसली.

"सिस्टर," स्वीटी म्हणाली, "तुमचं नाव काय हो?"

"कशाला?"

"पोरीले ठेवाचं हाये. आमच्यात ठेवतात. ज्याच्या हातून जीव आला त्याचं."

"नको, नको. माझं चांगलं नाही. जुनं आहे."

"जुनंच पायजे मले!" बाळंतिणीच्या मानाने स्वीटीचा आवाज खणखणीत होता. "माह्या सासूचं नाव पाहा, जिजा. कसं वजनदार! आन् माहं? स्वीटी. आता ठीक हाये. पन सत्तर वर्षांची होईन, दात पडतीन, तवा नातू म्हनन 'स्वीटी आजी'! तवा जुनं नाव कोनतं वाटन सांगा, जिजा का स्वीटी?"

इतकी नेमकी समाजशास्त्रीय मांडणी सिस्टरने पूर्वी ऐकली नव्हती.

"सांगा ना जी. का नावच नाई तुमाले?"

खिडकीतून ऊन येत होतं. स्वीटीच्या ओटीतला कापूस टेबलावर पडला होता, सरकी न काढलेला. तोंडातून शब्द निघायला वेळ लागला. बरेच दिवस न उघडलेल्या फाटकासारखा आवाज झाला.

"सुलोचना."

"सुलोचना," स्वीटीने म्हणून पाहिलं. आणि हसली नाही. "मस्त हाये! थांबा, अजून एकदा. सु-लो-च-ना. लंबं हाये, हाक पार वावरापर्यंत जाते."

"बारसं होईपर्यंत फॉर्मात रकाना कोरा ठेवू? सूरजला विचारून..."

"आत्ताच लिहा. नाई तं ते कियारा घुसवतीन."

म्हातारी जिजाबाई आत आली. तिने बाळ घेतलं आणि त्यांच्या स्वतःच्या भाषेत त्याच्याशी बोलायला लागली, लाडाने, लांबच लांब. सिस्टरला त्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. पण मध्ये मध्ये एक शब्द तिला कळत होता, फक्त एकच, आणि तो तिचं नाव होता. इतक्या प्रेमाने ते नाव कोणी कोणाला म्हटलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी तिने रजतला फोन केला. "मी नाव बदलणार नाही."

"अगं, पण..." तो गोंधळला. "मी ग्रुपवर विचारून सांगतो."

ती वाट पाहत राहिली. तासाने निरोप आला: चर्चा सुरू आहे, मतं विभागली आहेत. तिने लिहिलं, निकाल लागेपर्यंत थांबू नका. पत्रिका छापली असेल तर सान्वी नावाची मुलगी शोधा, सध्या पुष्कळ आहेत.

मग तिने आर्वीला फोन करून सांगितलं, "बाबा, सही नाई लागत." रामाजी एवढ्या मोठ्याने "बरं!" म्हणाले, की फोनची गरज नव्हती.

* * *

मंगळवारी तिच्याकडे एकच फॉर्म होता.

रुपेशने तो घेतला, कानावरचं पेन काढलं, वाचायला लागला. जन्मतारीख. लिंग. आईचं नाव. मग बालकाचं नाव या रकान्यावर पेन थांबलं. बराच वेळ थांबलं.

"तुम्ही जिंकलात," ती म्हणाली.

पेन खाली सरकलं. तळाशी नोंद देणाऱ्याची सही असते. तिथे दर मंगळवारी एस. आर. थूल असायचं. आज तिथे गोल, ठळक, पूर्ण अक्षरांत लिहिलं होतं: सुलोचना रामाजी थूल.

ती टेबलापासून एक पाऊल मागे सरकली. आता तो दचकेल, खुर्चीवरून उठेल... पण रुपेश नुसता हसला. तेच पहिल्या दिवशीचं हसू.

"तुमाले नवल नाई वाटलं?" तिने विचारलं. तिच्याही नकळत ती आर्वीच्या बोलीत आली होती.

चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याने स्क्रीन धरून तिच्याकडे फिरवला. त्यावर नोंद देणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव झळकत होतं. संपूर्ण. जन्मतारखेसकट.

"आडनाव टाईप केलं का आरोग्य खात्याच्या यादीतून बाकीचं आपोआप येते," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी आलं."

"पहिल्याच...? मंग तो चष्मा?"

"दिसत होता ना समोर."

"आन् साखर कमी?"

"चहा बशीत सांडला तवा दुसरा मागताना तुमीच गुलाबरावले सांगतलं ना." आता त्याचे कान लाल झाले होते. "तुमच्याशी तुमच्याबद्दल बोलाची हिंमत नोती. म्हून तुमच्याशी तिच्याबद्दल बोलत होतो."

चार महिन्यांतले सगळे मंगळवार तिच्या डोक्यात उलटे धावत आले, आणि प्रत्येकाचा अर्थ बदलत गेला... 'न पाह्यलेली कशी म्हनता?'... 'आर्वीची'... आणि स्वतःचाच हेवा करणारी एक शहाणी नर्स.

"आन् गावभर म्हाताऱ्यांले इचारत गेलते ते?"

"ते खरं. तुमच्या मायले ओळखनारं कोनी हाये का, पाहत होतो. एक म्हातारी भेटली. म्हने, तुमच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या होत्या तिनं."

रुपेशने टेबलाचा ड्रॉवर उघडला आणि एक कागद काढून तिच्यासमोर ठेवला. जन्माचा दाखला. सुलोचना, चौदा जानेवारी अठ्ठ्याण्णव, लोणझरी. खाली सहीची तारीख नोव्हेंबरातली.

"तुमी त्या मैत्रिणीचं इचारलं, त्याच दिवशी छापून, सही घेऊन ठेवला. मागतला असता तं देला असता. अडवाचा हक्क नोता मले." त्याने कागदाची कड सरळ केली. "पन स्वतःहून काढून द्याचं मन नाई झालं. आता कायले लागनार म्हना..."

"लागते ना," ती म्हणाली आणि दाखला उचलला.

रुपेशचा चेहरा डिसेंबरातल्या कापसासारखा झाला. "कायले?"

"लग्नाच्या नोंदणीले."

"हाव. हाव जी, लागते त्याले," तो कष्टाने म्हणाला. "नागपूरचं स्थळ हाये म्हनतात गावात. तिकडंच करान नोंदणी?"

"कुठी होते ती?"

"वराच्या गावी होते... ग्रामपंचायतीत. इथीबी करतो मी. वर इथला असला तं."

"इथलाच हाये," सुलोचना म्हणाली. "भिंतीले कागद वाकडे लावते. मंगळवारी हापिसात भेटते."

बाहेर कुठेतरी कप फुटल्याचा आवाज झाला. गुलाबराव दाराआड उभे होते तर.

रुपेश उठला, बसला, पुन्हा उठला. मग संगणक परिचालकाला आनंद झाल्यावर जे करता येतं तेच त्याने केलं: कपाटातून एक कोरा फॉर्म काढला आणि टेबलावर सरळ ठेवला. तो वाकडा होता. तिने डावीकडून जरा वर केला. दोघांची बोटं कागदाच्या एकाच कडेवर होती, आणि दोघांनीही काढली नाहीत.

"आजच भरा असं नाई," तो घाईने म्हणाला. "तुमच्या बाबाले इचारा लागन. माह्या मायलेबी. पन याच्यात एक रकाना हाये, तो आधीच सांगून ठेवतो." त्याने पेन टेकवलं. "वधूचं लग्नाआधीचं नाव, हे झालं. त्याच्याखाली हे. वधूचं लग्नानंतरचं नाव. इथी काय लिहू?"

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि रकाना नीट पाहिला.

"लिहा," सुलोचना म्हणाली, "वरीलप्रमाणे."